गोबीतील घरटे आणि मुलांचे पुस्तक

मुलांच्या पुस्तकांच्या मोठ्या दुकानात डायनोसॉरांना स्वतःचा कप्पा असतो. परीकथा आणि विनोदी गोष्टी यांच्या शेजारी हे अगडबंब प्राणी ऐटीत उभे असतात आणि ज्या मुलांना पाढे पाठ होत नाहीत तीही त्यांची लांबलचक लॅटिन नावे घडाघडा म्हणून दाखवतात. या पुस्तकांना मात्र एक शाप आहे. ती फार लवकर जुनी होतात. कुठेतरी वाळूतून नवे हाड निघते आणि कालपर्यंत खरे मानलेले चित्र खोटे ठरते. मग जे पुस्तक २०-३० वर्षांत चुकीचे ठरणार, ते मुलाच्या हाती द्यावे तरी का, असा प्रश्न पालकांना पडला तर तो गैर नाही. या प्रश्नाचे उत्तर एका अमेरिकी संशोधकाच्या आयुष्यात सापडते. त्यांचे नाव रॉय चॅपमन अँड्र्यूज. मंगोलियाच्या गोबी वाळवंटातून त्यांच्या मोहिमेने डायनोसॉरची अंडी आणली आणि उतारवयात त्यांनी ती हकिगत मुलांसाठी लिहिली.

अँड्र्यूज यांचा जन्म २६ जानेवारी १८८४ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या बेलॉइट या गावी झाला. लहानपणी नदीकाठ आणि रान हेच त्यांचे खरे घर होते. रॉबिन्सन क्रूसोची कथा त्यांच्या विशेष आवडीची होती. मृत पशुपक्ष्यांच्या कातड्यात पेंढा भरून ते जिवंतासारखे उभे करण्याची कला ते कोणा गुरूकडे शिकले नाहीत, एका पुस्तकावरून शिकले. गावातल्या शिकाऱ्यांनी मारलेल्या प्राण्यांना असे रूप देऊन त्यांनी पैसे मिळवले आणि त्यातून कॉलेजच्या शिक्षणाला हातभार लावला. १९०५ मध्ये रॉक नदीत त्यांची होडी उलटली. बरोबरचा मित्र बुडाला, अँड्र्यूज कसेबसे काठाला लागले. त्या दुःखाची छाया त्यांच्या मनावर बराच काळ राहिली.

१९०६ मध्ये पदवी मिळताच त्यांनी न्यूयॉर्कचा रस्ता धरला. तेथील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयात काम करायचे, हे त्यांनी लहानपणीच मनाशी ठरवले होते. संचालकांनी जागा रिकामी नसल्याचे सांगितले, तेव्हा फरशी पुसण्याचे काम असले तरी चालेल, अशी तयारी या पदवीधर तरुणाने दाखवली. संचालकांना नवल वाटले. फरशी काय कोणीही पुसेल, यावर अँड्र्यूज यांचे म्हणणे असे की, आपल्याला कोणतीही फरशी पुसायची नसून याच संग्रहालयाची पुसायची आहे. त्यांना पेंढा भरण्याच्या विभागात नोकरी मिळाली आणि सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी फरशीही पुसली. हा किस्सा त्यांनी पुढे अनेकदा रंगवून सांगितला. गोष्ट रंगवण्याची त्यांची हौस येथूनच दिसते.

त्यांचे पहिले मोठे काम देवमाशांशी निगडित होते. संग्रहालयात टांगण्यासाठी ७६ फूट लांबीची निळ्या देवमाशाची प्रतिकृती तयार होत होती, तीत त्यांचा हात लागला. १९०७ मध्ये लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर मारल्या गेलेल्या एका देवमाशाचा सांगाडा मिळवण्यासाठी त्यांना एका सहकाऱ्यासह कडाक्याच्या थंडीत समुद्राच्या वाळूत खोदकाम करावे लागले. पुढे अलास्का, जपान, कोरिया अशा ठिकाणच्या देवमाशांच्या शिकारीच्या तळांवर जाऊन त्यांनी या प्राण्यांचा अभ्यास केला. नामशेष झाला असे समजला जाणारा करडा देवमासा कोरियाच्या किनाऱ्यावर अजून आहे, हे त्यांनी १९१२ मध्ये उल्सान येथे पाहिले आणि त्यावर शास्त्रीय प्रबंध लिहिला. मात्र समुद्रापेक्षा आशियाच्या अंतर्भागाची ओढ त्यांना अधिक होती.

त्या ओढीला संग्रहालयाचे अध्यक्ष हेन्री फेअरफिल्ड ऑस्बॉर्न यांच्या सिद्धांताचे बळ मिळाले. सस्तन प्राण्यांची आणि मानवाचीही जन्मभूमी मध्य आशिया असली पाहिजे, असे ऑस्बॉर्न यांचे मत होते. मानवाचे मूळ आफ्रिकेत असावे, ही कल्पना त्यांना रुचत नव्हती आणि त्यामागे त्यांचे वंशश्रेष्ठत्वाचे विचारही होते. अँड्र्यूज यांनी हा सिद्धांत शिरोधार्य मानला आणि आदिमानवाचे अवशेष शोधण्यासाठी गोबीत मोहीम नेण्याची योजना मांडली. जाणकारांनी तिची थट्टा केली. वाळूशिवाय जिथे काही नाही, तिथे जीवाश्म कुठून मिळणार, असा त्यांचा सवाल होता. परंतु श्रीमंतांना मोहिनी घालणे अँड्र्यूज यांना चांगले साधत असे. बँकर जे. पी. मॉर्गन यांनी ५० हजार डॉलर दिले. आदिमानवाच्या शोधाची बातमी वर्तमानपत्रांनी उचलून धरली आणि निधी जमला.

एप्रिल १९२२ मध्ये चीनच्या भिंतीजवळच्या कालगान या गावातून मोहीम निघाली. तीन डॉज मोटारी, दोन मालमोटारी आणि ७५ उंटांचा तांडा असा हा सरंजाम होता. उंटांनी पेट्रोल आणि शिधा घेऊन आधी पुढे जायचे, मोटारींनी मागून येऊन त्यांना गाठायचे, अशी व्यवस्था होती. गोबीत पाऊस थोडा आणि उन्हाळा-हिवाळा दोन्ही जीवघेणे. त्यामुळे कामाचे महिने मोजकेच होते. मोटारींमुळे त्या मोजक्या महिन्यांत उंटांच्या तांड्यापेक्षा कितीतरी अधिक प्रदेश पाहता आला. वनस्पती विरळ असल्याने खडक उघडे पडलेले होते. ज्या उजाडपणाची थट्टा झाली, तोच जीवाश्म शोधणाऱ्यांच्या पथ्यावर पडला. पहिल्याच मुक्कामांत हाडे मिळू लागली.

त्याच उन्हाळ्यात एका प्रचंड प्राण्याची कवटी मिळाली. खांद्यापाशी सुमारे १६ फूट उंचीचा, शिंगे नसलेला हा गेंड्याच्या कुळातील प्राणी होता. त्याचे अवशेष पूर्वी ब्रिटिश हिंदुस्थानातील बलुचिस्तानात मिळाले असल्याने त्याला बलुचिथेरियम म्हणत. आज शास्त्रज्ञ त्याला पॅरासेराथेरियम या नावाने ओळखतात. जमिनीवर वावरलेल्या सर्वांत मोठ्या सस्तन प्राण्यांत त्याची गणना होते.

२ सप्टेंबर १९२२ रोजी परतीच्या प्रवासात मोहीम वाट चुकली. अँड्र्यूज जवळच्या तंबूंकडे रस्ता विचारण्यास गेले. तेवढ्या वेळात छायाचित्रकार जे. बी. शॅकेलफर्ड सहज चालत पुढे गेले, तो अचानक त्यांच्या पायाखाली जमीन संपली आणि खाली लालभडक वालुकाश्माचे कडे दिसू लागले. एका सुळक्याच्या टोकावर त्यांना एक कवटी मिळाली. मावळत्या उन्हात पेटल्यासारख्या दिसणाऱ्या या जागेला मोहिमेतील लोकांनी ज्वालाकडे या अर्थाचे नाव दिले. मंगोलियन लोक तिला बायनझाग म्हणतात. ती कवटी मानेवर हाडाची झालर असलेल्या एका लहान डायनोसॉरची होती. अँड्र्यूज यांच्या सन्मानार्थ त्याला प्रोटोसेराटॉप्स अँड्र्यूजी हे नाव मिळाले.

पुढच्या वर्षी मोहीम मुद्दाम तेथे परतली. १३ जुलै १९२३ रोजी जॉर्ज ओल्सेन यांनी जेवणाच्या वेळी आपल्याला अंडी सापडल्याचे सांगितले, तेव्हा मंडळींनी त्यांची चेष्टा केली. प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर सारे गप्प झाले. लांबुळकी, सुमारे वीतभर लांबीची, दगड झालेली अंडी वालुकाश्मातून डोकावत होती. अशा कवचांचे तुकडे फ्रान्समध्ये १९व्या शतकात मिळाले होते, परंतु त्यांचा नीट उलगडा झाला नव्हता. डायनोसॉर अंडी घालत, ही गोष्ट जगाला पटली ती गोबीतल्या या घरट्यांमुळे. जीवाश्म इतके निघाले की, ते गुंडाळण्यासाठी लागणारी खळ संपली. तेव्हा खाण्याचे पीठ खळीसाठी वापरायचे असे मंडळींनी ठरवले आणि तागाच्या कापडाबरोबर तंबूंचे व अंगावरच्या कपड्यांचे तुकडेही खळीत भिजवून हाडांवर चढवले गेले.

अंडी कोणाची, याचे उत्तर त्यांनी परिस्थितीवरून काढले. त्या परिसरात प्रोटोसेराटॉप्सचे सांगाडे मुबलक होते. तेव्हा अंडीही त्याचीच, असे मानले गेले. एका घरट्यावर जेमतेम चार इंच वाळूच्या थरापलीकडे दुसऱ्याच एका प्राण्याचा सांगाडा मिळाला. त्याला दात नव्हते, चोच होती. हा प्राणी अंडी पळवण्यासाठी आला आणि वाळूच्या वादळात सापडून मेला, असा अर्थ लावण्यात आला. ऑस्बॉर्न यांनी १९२४ मध्ये त्याला ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर, असे नाव दिले. हे नाव दिशाभूल करणारे ठरू शकते, अशी शंका त्यांनी स्वतःच त्याच वेळी नोंदवली होती. पण अशा शंका लोकांच्या लक्षात राहत नाहीत. चोर मात्र लक्षात राहिला. ऑस्बॉर्न यांच्या त्याच निबंधात आणखी एका चपळ शिकारी प्राण्याचे बारसे झाले, तो म्हणजे व्हेलोसिरॅप्टर. १९९३ च्या ज्युरासिक पार्क या चित्रपटाने त्याला घराघरांत पोचवले. खरा व्हेलोसिरॅप्टर पडद्यावरच्या मानाने फारच लहान, टर्की पक्ष्याएवढा होता.

ऑक्टोबर १९२३ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर अँड्र्यूज झळकले. या प्रसिद्धीच्या भरात त्यांनी एक अंडे लिलावात काढले. हेतू मोहिमेसाठी पैसा उभारण्याचा होता. कर्नल ऑस्टेन कोलगेट यांनी पाच हजार डॉलर देऊन ते घेतले आणि कोलगेट विद्यापीठाला दिले. परंतु या सौद्याने मोहिमेचे नुकसानच केले. एका अंड्याला एवढी किंमत येत असेल, तर हे परदेशी लोक आपल्या भूमीतून पेट्या भरभरून कोणती संपत्ती नेत आहेत, असा प्रश्न चिनी आणि मंगोलियन अधिकाऱ्यांना पडला आणि तो रास्त होता. अँड्र्यूज यांना पुढे या लिलावाचा पश्चात्ताप झाला. चीनमधील यादवी, मंगोलियातील सत्तांतर आणि वाढता संशय यांमुळे १९२५ नंतर मोहिमा रोडावल्या. १९२८ आणि १९३० मध्ये त्यांना अंतर्गत मंगोलियापुरते काम करता आले. तेथे फावड्यासारख्या दातांच्या हत्तीवर्गीय प्राण्यांचे सांगाडे मिळाले आणि नंतर मोहीम कायमची थांबली.

ज्या आदिमानवासाठी हा सारा खटाटोप होता, तो त्यांना कधीच मिळाला नाही. १९२५ मध्ये, ज्या वर्षी अँड्र्यूज यांची सर्वांत मोठी तुकडी गोबीत गेली त्याच वर्षी, दक्षिण आफ्रिकेतील टाँग येथील बालकवटीचे वर्णन रेमंड डार्ट यांनी प्रसिद्ध केले होते. मानवाच्या उगमाचा धागा आफ्रिकेकडे नेणारा तो महत्त्वाचा पुरावा ठरला. ऑस्बॉर्न यांचा सिद्धांत कालांतराने मोडीत निघाला. चुकीच्या सिद्धांतामागे निघालेल्या मोहिमेला बरोबर शोध लागले, असे या प्रकरणाचे स्वरूप आहे. त्या शोधांत डायनोसॉरच्या काळातील सस्तन प्राण्यांच्या काही इवल्याशा कवट्याही होत्या. त्या काळच्या सस्तनांचे तोवर बहुधा दात आणि जबड्याचे तुकडेच हाती आले होते. शास्त्रज्ञांच्या लेखी या कवट्यांचे मोल अंड्यांपेक्षाही मोठे होते.

अँड्र्यूज स्वतः पुराजीवशास्त्रज्ञ नव्हते, हेही सांगितले पाहिजे. खडकांतील नाजूक काम वॉल्टर ग्रेंजर आणि त्यांचे सहकारी करीत. अँड्र्यूज यांचा हात जड आणि स्वभाव उतावळा होता. कुदळीने खराब झालेल्या जीवाश्माला संग्रहालयातील लोक त्यांच्या नावाची आद्याक्षरे लावून हसत असत. त्यांचे गुण वेगळे होते. माणसे जमवणे, पैसा उभा करणे, संकटात डोके शांत ठेवणे आणि परतल्यावर सारी हकिगत खुमासदारपणे सांगणे, या गोष्टी त्यांच्याइतक्या क्वचितच कोणाला साधल्या. चिनी आणि मंगोलियन लोकांविषयी त्यांच्या लिखाणात तत्कालीन पाश्चात्त्य गोऱ्या माणसाचा वरचढपणा जागोजागी डोकावतो. आजच्या वाचकाला तो खुपतो.

१९३० च्या दशकाच्या मध्यावर ते संग्रहालयाचे संचालक झाले. ज्या इमारतीची फरशी पुसली, तिचा कारभार हाती आला, ही कथा ऐकायला छान असली तरी खुर्चीतले काम त्यांना मानवले नाही. मंदीचे दिवस होते, पैशांची चणचण होती. १९४२ मध्ये ते या जबाबदारीतून मोकळे झाले आणि कनेटिकटमधील एका शेतघरात राहून लिहू लागले. प्रौढांसाठी त्यांनी आधीच बरीच पुस्तके लिहिली होती. आता त्यांनी मुलांकडे मोर्चा वळवला. १९५३ मध्ये रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेच्या मुलांसाठीच्या माहितीपर मालिकेत त्यांचे ‘ऑल अबाउट डायनोसॉर्स’ हे पुस्तक निघाले. चित्रे थॉमस व्होटर यांची होती. पाठोपाठ देवमाशांवर आणि गतकाळातील विचित्र प्राण्यांवर पुस्तके आली.

त्या काळी विज्ञानजगतात डायनोसॉर हा काहीसा मागे पडलेला विषय होता. थंड रक्ताचे, मंद बुद्धीचे आणि नष्ट होण्याच्याच लायकीचे प्राणी, अशी त्यांच्याविषयी समजूत होती. अशा वेळी एका वृद्ध प्रवाशाने मुलांना गोबीची वाट दाखवली. प्राण्यांच्या वर्णनाबरोबर शोधाची कहाणी त्यांनी पुस्तकात घातली. हे प्राणी कधी राहत, काय खात, एवढ्यावर न थांबता ते आपल्याला कसे कळले, हेही मुलांना समजले. विज्ञान हे माणसांनी उन्हातान्हात फिरून, वाट चुकून मिळवलेले असते, हा बोध त्यातून आपोआप होत होता.

११ मार्च १९६० रोजी कॅलिफोर्नियात अँड्र्यूज यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी बेलॉइट या जन्मगावी विसावल्या. तोवर गोबीतील अंडी प्रोटोसेराटॉप्सची आणि त्यांवरचा प्राणी चोर, ही समजूत पक्की होती. पुढेही कितीतरी वर्षे ती मुलांच्या पुस्तकांत छापली गेली.

मात्र त्यांचे पुस्तक वाचणाऱ्या मुलांत दोन नावे पुढे महत्त्वाची ठरली. कॅनडातील फिलिप करी शाळकरी वयात ते वाचून पुराजीवशास्त्राकडे वळले आणि डायनोसॉरांचे अग्रगण्य अभ्यासक झाले. अमेरिकेतील मायकेल नोव्हासेक यांनीही ते बालपणी वाचले. नोव्हासेक पुढे अँड्र्यूज यांच्याच संग्रहालयात रुजू झाले. मधल्या काळात पोलंड आणि मंगोलियाच्या संयुक्त तुकड्यांनी गोबीत उत्तम काम केले होते, परंतु अमेरिकी शास्त्रज्ञांना सुमारे सहा दशके तेथे प्रवेश नव्हता. १९९० मध्ये दार उघडले, तेव्हा मंगोलियन शास्त्रज्ञांसह जी मोहीम गेली, तिचे नेतृत्व नोव्हासेक आणि मार्क नॉरेल यांनी केले.

१९९३ मध्ये उखा तोलगोद या ठिकाणी या मोहिमेला एक अंडे मिळाले. बायनझागच्या अंड्यांसारख्याच त्या अंड्यात गर्भाची नाजूक हाडे शाबूत होती. तो गर्भ प्रोटोसेराटॉप्सचा नव्हता, ओव्हिरॅप्टरच्या कुळातला होता. १९९५ मध्ये याच कुळातील प्राण्याच्या आणखी एका सांगाड्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो अंड्यांच्या गोलावर पाय दुमडून आणि पुढचे हात पसरून, रवणीवर बसलेल्या कोंबडीसारखा बसला होता. सात दशके चोर म्हणून बदनाम झालेला प्राणी बहुधा आपलीच अंडी राखत मरण पावला होता. प्रोटोसेराटॉप्सच्या अंड्यांचे काय, याचाही उलगडा २०२० मध्ये झाला. नॉरेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, त्यांचे कवच मऊ होते. असे कवच दगडात टिकणे दुर्मीळ असते.

मुलांसाठी डायनोसॉरचे पुस्तक निवडताना त्यातली माहिती ताजी आहे का, हे जरूर पाहावे. पण ती माहिती कशी मिळाली, हे सांगणारी पानेही पुस्तकात असावीत. अँड्र्यूज यांच्या पुस्तकातील निष्कर्ष चुकला, परंतु तेथवर कसे पोचलो हे त्यांनी सांगून ठेवले होते. म्हणून त्यांचा एक बालवाचक मोठेपणी त्याच वाळवंटात गेला आणि त्याच्या मोहिमेने ती चूक दुरुस्त केली.

ओव्हिरॅप्टरचे नाव मात्र बदललेले नाही. प्राण्यांच्या नामकरणाचे नियम कडक असतात आणि रीतसर ठेवलेले पहिले नाव केवळ अर्थ चुकला म्हणून रद्द होत नाही. त्यामुळे आजच्या पुस्तकातही अंडीचोर हेच नाव छापलेले असते आणि त्याखालच्या चित्रात तो प्राणी पंख पसरून अंडी उबवत बसलेला असतो.